एक परदेशी कंपनी, दोन कारखाने

मी तेव्हा एका लहान वर्कशॉपमध्ये क्वालिटी बघायचो. पंप बनवणारी एक परदेशी कंपनी जवळच आली आणि आम्ही तिला बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणाऱ्या धातूच्या नळ्या, पुरवू लागलो. पहिले तीन लॉट रिजेक्ट झाले. मग त्यांचा इंजिनिअर येऊन दिवसभर आमच्या लेथपाशी उभा राहिला. एक जॉब काढून दुसऱ्याचं सेटिंग लावायला किती वेळ लागतो, ते त्याने घड्याळ लावून मोजलं. निम्मा वेळ नट आवळायचे पाने शोधण्यातच जात होता! नवं मशीन घ्या असं तो म्हणाला नाही. दर तासाला माप घ्या, तक्त्यावर लिहा, माप सरकायला लागलं की लगेच मशीन थांबवा, एवढंच त्याचं म्हणणं. वर्षभरात त्याच मशीनवर, त्याच माणसांच्या हातून बराच जास्त माल निघू लागला.

माझा मित्र मात्र स्वतः पंप बनवायचा. त्याची गिऱ्हाइकं तिकडे वळली, सगळ्यात चांगला फिटरही गेला. शेड तेवढीच, कर्जाचा हप्ता तेवढाच, पण नग कमी; म्हणजे दर नगावरचा खर्च वाढला आणि हिशेबात उत्पादकता घसरली. लोक म्हणायचे, याला जमलं नाही. ते बोलणं मला आजही लागतं, कारण त्याच्या कामात काहीच कमी झालं नव्हतं.

पुढे वाचताना हेच दिसलं. एटकेन आणि हॅरिसन या अर्थतज्ज्ञांनी व्हेनेझुएलातल्या कारखान्यांची १९७६ ते १९८९ ची आकडेवारी तपासली: परदेशी भांडवल वाढलं त्या क्षेत्रातल्या देशी कारखान्यांची उत्पादकता उलट घटली होती. अर्थतज्ज्ञ याव्होर्चिक यांच्या लिथुआनियावरच्या २००४ च्या अभ्यासात फायदा सापडला तो पुरवठादारांकडे, आणि तोही परदेशी कंपनीत स्थानिक भागीदार असेल तेव्हा. कोस्टारिकात अशा कंपन्यांना माल देऊ लागलेल्यांची उत्पादकता चार वर्षांनी ४ ते ९ टक्क्यांनी वाढलेली आढळली.

म्हणून ‘किती गुंतवणूक आली’ या आकड्याने मला समाधान होत नाही. सुटे भाग कुठून घेणार, ते मी आधी विचारतो. स्थानिक खरेदीची सक्ती जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या नियमांत बसत नाही, त्यामुळे पुरवठादारालाच तयार व्हावं लागतं.

मित्राने शेवटी त्याच कंपनीसाठी इम्पेलर, म्हणजे पंपातली पाणी ढकलणारी चाकं, करायला घेतले. पहिला लॉट परत आला त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. मी आमचे जुने तक्ते घेऊन गेलो आणि रात्री उशिरापर्यंत आम्ही त्याच्या लेथपाशी होतो.