सुरमईच्या काट्यावर साडेसहा हजार

मंडळी, तिन्ही सुऱ्यांना सारखी धार लावली, इथपर्यंत गेल्या वेळी आलो होतो. नव्यांसाठी उजळणी: एक जर्मन, १८०० रुपयांची. दुसरी जपानी, व्हीजी-१० नावाच्या पोलादाची, ६५००. तिसरी आमच्या लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटलेल्या पाट्यातून काढलेली, ३००. प्रश्न एकच, जास्तीचे पैसे पात्यात दिसतात का?

काथ्यावर कापून पाहिलं. करंगळीएवढी सुंभाची दोरी, खाली आंब्याची फळी. दर दहा कापांनी वर्तमानपत्राचा कागद. तो सुळकन कापायच्या ऐवजी फाटायला लागला की थांबायचं. जर्मन ६० वर थांबली, व्हीजी-१० थेट १५० वर. किंमत साडेतीनपट, धार अडीचपट. वाईट नाही. जर्मन पोलादात कार्बन अर्धा टक्का, हिच्यात सुमारे एक टक्का, शिवाय थोडा कोबाल्ट आणि व्हॅनेडियम. कडकपणाच्या रॉकवेल मापावर जर्मन ५६ च्या आसपास, जपानी ६० च्या.

लोहाराची ३० वरच बसली. पाणी, म्हणजे तापवून विझवून आणलेला कडकपणा, नीट दिलं नसणार, असं मी मनात म्हणून टाकलं. मग धारेवर जुनी कानस फिरवली, तर ती चावेना, काचेवरून जावी तशी निसटली. म्हणजे पाणी चोख होतं. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तेव्हा चोर सापडला. धारेच्या लगेच मागे पातं एक मिलिमीटर जाड! जपानीचं त्याच जागी ०.३ भरलं. सुरी कसली, छोटा कोयताच तो.

तीन संध्याकाळी जाड्याभरड्या निसण्यावर पातं उतरवत बसलो. ग्राइंडरवर दहा मिनिटांत झालं असतं, पण धार निळी पडली की पाणी उतरलंच समजा. आईने दोनदा विचारलं, "जेवतलंस की दगडच घासतलंस?" पातं निम्म्यावर आणलं, धारेचा कोन तोच ठेवला, पुन्हा दोरी कापली. ८० काप! तीनशे रुपयांच्या पाट्याने जर्मनला मागे टाकलं, आणि पोलाद तर तेच होतं.

आता जरा लाजेचं. व्हीजी-१० घेऊन मी ऐटीत मासळीबाजारात गेलो. मासेवाल्या मावशीने पातं उलटसुलट करून पाहिलं. "ही काय आरती करूक हाडलंस?" घरी येऊन सुरमईच्या तुकड्या करताना मधल्या काट्यावर जोर दिला, आणि कट्ट असा बारीक आवाज झाला. ट्यूबलाइटसमोर धरलं तर धारेला तीन खांडं, सगळ्यात मोठं अर्ध्या मिलिमीटरचं. चूक माझीच. दर बाजूला १५ अंशांची बारीक धार आणि एवढं कडक पातं हाडावर घालायचंच नसतं. जर्मन अशा वेळी वाकते आणि सळईवर चार हात मारले की सरळ होते. जपानी वाकत नाही, तुटते. ४०० नंबरच्या दगडावर खांडं काढण्यात अख्खा रविवार गेला. धार आता १८ अंशांवर ठेवली आहे, बघू.

मोरीवर, म्हणजे लहान शार्कवर, मात्र तिघी सारख्याच हरल्या. तिची कातडी म्हणजे पॉलिशपेपरच. कोणतंही पोलाद घ्या, दोन मोऱ्या सोलल्या की निसणा काढा.

राहिला गंज, आणि इथे पैसे खरेच कामाला येतात. पाट्याच्या पोलादात क्रोमियम नावापुरतं, बाकी दोघींत १५ टक्के. जुलैत एका रात्री लोहाराची सुरी धुऊन ओलीच ठेवली. सकाळी नारिंगी ठिपके. खारा वारा खिडकीतूनच येतो, तो पोलादाचा भाव विचारत नाही. कैरी कापली तर पातं काळंनिळं झालं आणि पहिल्या दोन फोडींना लोखंडाची चव आली. तो काळा थर आता बसलाय, त्यामुळे गंज जरा कमी धरते. तरी पुसून खोबरेल लावल्याशिवाय ठेवत नाही. आळशी माणसाने जर्मन घ्यावी.

लोहाराकडे दुसरी सुरी सांगितली आहे, पातं आधीच पातळ ठेवून. त्याला व्हर्नियरचा आकडा सांगितला तर म्हणाला, "पातळ काढीन, पण नारळ फोडूक गेलंस तर माका सांगू नको." आणि पाट्याचा तुकडा मीच आणायचा आहे, भंगारवाल्याकडे शनिवारी जातोय.