आल्फ्रिस्टनचं क्लर्जी हाऊस: १० पौंडांचं घर

लंडनहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं जुनं काही सुचवा म्हटलं की लोक किल्ले आणि राजवाडेच सांगतात. मी म्हणेन, पूर्व ससेक्समधल्या आल्फ्रिस्टन गावी जा. तिथलं पाद्र्यांचं जुनं घर, म्हणजे क्लर्जी हाऊस, ही नॅशनल ट्रस्टने, म्हणजे जुन्या वास्तू आणि निसर्ग जपणाऱ्या ब्रिटनमधल्या संस्थेने, विकत घेतलेली पहिली इमारत. साल १८९६, किंमत १० पौंड. ट्रस्टची स्थापना जेमतेम वर्षापूर्वीची. घर इतकं खचलं होतं की पाडायची परवानगीही मिळून गेली होती. गावचे व्हिकर (चर्चचे पाद्री) बेनन यांनी ते वाचवायचा पिच्छा पुरवला, आणि ट्रस्टच्या संस्थापकांपैकी ऑक्टाव्हिया हिल यांनी मनावर घेतलं.

व्हिक्टोरिया स्टेशनहून लुईस, तिथे गाडी बदलून बर्विक. तिकीट काढताना ‘बर्विक, ससेक्स’च निवडा, त्याच नावाचं दुसरं स्टेशन थेट स्कॉटलंडच्या सीमेवर आहे! स्टेशनपासून गाव पाचेक किलोमीटर. बस मोजक्याच, त्यामुळे वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा. गाडीने गेलात तर ती गावातल्या पैसे भरायच्या पार्किंगमध्ये ठेवा आणि चालत या. मुख्य रस्ता फारच अरुंद आहे.

गावाच्या हिरवळीवर, चकमकीच्या दगडांनी बांधलेल्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी हे घर आहे. लगेच आत घुसू नका. खरी गंमत बाहेरून कळते. साधारण सहाशे वर्षांपूर्वीचं हे ‘वील्डन’ पद्धतीचं घर. या पद्धतीत मधे आढ्यापर्यंत मोकळा दिवाणखाना आणि दोन्ही टोकांना दुमजली खोल्या असतात. टोकांचे वरचे मजले थोडे पुढे काढलेले, मधली भिंत मात्र मागेच. पण वर छप्पर एकच, सरळ रेषेत. त्यामुळे मधल्या भागावर वळचण बरीच पुढे येते आणि तिला पेलायला ओकचे वाकडे टेकू लागतात. हे एकदा लक्षात आलं की ससेक्स आणि केंटमधली अशी घरं रस्त्यावरूनही ओळखू येतात. इथे पुढच्या शतकांत बरेच फेरफार झालेत, तेव्हा दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतील अशी अपेक्षा नको.

सांगाडा ओकचा, लाकडी खुंट्यांनी जोडलेला. मधे कुडाच्या भिंती, वर गवताची शाकारणी. सगळा माल आसपासचाच. दिवाणखान्यातली जमीन तर बाजूच्या टेकड्यांतल्या खडूच्या दगडाची: तो कुटून, चोपून बसवायचा आणि वरून आंबलेलं दूध ओतून पक्का करायचा. शेणाने सारवलेल्या घरात वावरलेल्यांना या जमिनीचं अप्रूप वाटणार नाही, पण मजा नक्की वाटेल. मान वर केली की आढं दिसतं. अशा घरांत सुरुवातीला धुराडं नसे. चूल दिवाणखान्याच्या मधोमध आणि धूर वाट काढत छपरातून बाहेर. तुळईच्या कोपऱ्यात कोरलेलं ओकचं पान शोधायला विसरू नका. ट्रस्टचं बोधचिन्ह त्यावरूनच सुचलं असं म्हणतात. मला ते पटवून घ्यायला आवडतं, एवढंच.

आतलं सामान यथातथाच वाटलं, खोल्याही मोजक्या. अर्ध्या तासात आतून बघून होतं. उंच माणसांनी दारांतून वाकून जावं. घर वर्षभर रोज उघडं नसतं, विशेषतः हिवाळ्यात, म्हणून निघण्याआधी ट्रस्टच्या साइटवर तारीख तपासा. ट्रस्टचं सदस्यत्व असेल तर तिकीट लागत नाही.

एवढ्यासाठी इतक्या लांब? नाही, उरलेला दिवस पायी घालवा. बागेपलीकडे ककमिअर नदी आहे. तिच्या काठाने लिटलिंग्टनपर्यंतची वाट सपाट आणि सोपी आहे. दमछाक चालणार असेल तर तसंच पुढे समुद्राकडे जा, सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे दिसतात. पाऊस होऊन गेला असेल तर मात्र नदीकाठी चिखल घोट्यापर्यंत येतो, तेव्हा बूट जाडजूड घाला.