नेमका विषय कोणता हो तुमचा?

"तुम्ही इतिहासाच्या ना, मग हे गटारं, नद्या, जंतू कुठून आलं मधेच?" दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

शहरं, पर्यावरण, विज्ञान हे माझे तीन विषय आहेत असं सगळ्यांना वाटतं. मला तो एकच वाटतो, आणि कुणाला पटलं नाही की मी एक जुना खटला सांगते. शिकागोचं सांडपाणी लेक मिशिगनमध्ये जायचं आणि प्यायचं पाणीही तिथूनच यायचं, म्हणून त्यांनी कालवा खणला आणि १९०० साली चक्क नदीच उलटी फिरवली, झालं, घाण निघाली इलिनॉय नदीतून मिसिसिपीकडे, म्हणजे खालच्या, मिझुरी राज्यातल्या सेंट लुइसच्या नळात! मिझुरी थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात, की आमच्याकडे टायफॉइड येतोय. पण जंतू दाखवणार कसा? तर ६ नोव्हेंबरला कालव्यात दुसऱ्याच एका, तेव्हा निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या जंतूची १०७ पिंपं ओतली (हो, पिंपं), आणि ४ डिसेंबरला ३५७ मैलांवर सेंट लुइसला जिथून पाणी उचलायचे तिथे त्यातला एक सापडला. तरी १९०६ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला. हा जंतू पोचला म्हणून टायफॉइडचाही जिवंत पोचतो असं कुठाय, आणि तुमच्याच राज्यातली गावं नदीत घाण सोडतात त्याचं काय? वर गंमत म्हणजे लेकचं पाणी मिसळल्यामुळे इलिनॉय नदी आधीपेक्षा स्वच्छ दिसायला लागलेली, मासे परत आलेले.

आता यातून शहर वेगळं काढून दाखवा मला.

अशा खटल्यांची कागदपत्रं वाचायला मला बॅक्टेरिऑलॉजी (जंतूंचं शास्त्र) शिकावी लागली, आणि तीही आजची नाही, १९०० ची. आजचं ज्ञान घेऊन त्या साक्षी वाचल्या की अर्धे तज्ज्ञ मूर्ख वाटतात, मीही सुरुवातीला तसंच लिहिलं होतं आणि तो चॅप्टर नंतर सगळा फाडावा लागला.

बाकी करिअरचं म्हणाल तर इतिहासवाले म्हणतात हे सायन्स आहे, सायन्सवाले म्हणतात तुम्ही गोष्टी सांगता. एका इंटरव्ह्यूत तर अर्धा तास हेच चाललं होतं की ही नक्की कुठल्या डिपार्टमेंटची. अर्जात स्पेशलायझेशनला रकाना एकच असतो. सध्या तिथे ‘शहरांचा इतिहास’ लिहिते, जागा त्याच्याच निघतात.