आमची वाटचाल : टाकीपासून जेटपर्यंत

बोटींची इंजिने दुरुस्त करण्याचा आमचा व्यवसाय सुरू झाला, तेव्हा दोन बाके, हत्यारांची एक पेटी आणि कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, खोलण्याचा दांडगा उत्साह एवढेच आमचे भांडवल होते. ‘इंजिन दम टाकते’ असे ग्राहकाने म्हणण्याचा अवकाश, की आम्ही पाने घेऊन कार्बोरेटर खाली उतरवत असू, तो स्वच्छ धुऊन, नवी गॅस्केटे घालून पुन्हा चढवत असू, आणि इंजिन धक्क्यावर सुरू झाले की काम झाले असे समजत असू. त्यातली बरीच इंजिने काही दिवसांत तीच तक्रार घेऊन परत येत. पेट्रोलच बिघडलेले असेल, असे सांगून आम्ही त्या काळी वेळ मारून नेली, हे आज मान्य करायला हरकत नाही.

बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या एका आउटबोर्ड इंजिनाने आमची ही सवय मोडली. ते वीस मिनिटे उत्तम चाले, मग गळा आवळल्यासारखे घुसमटून थांबे, आणि थोडा विसावा दिला की पुन्हा चालू होई. आम्ही त्याचा कार्बोरेटर दोनदा धुतला, त्याच्या वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटखालची, पेट्रोल अडवणारी निडल बदलली, फ्लोटची उंची मोजून बसवली. तिसऱ्या खेपेस मी स्वतः बोटीत बसून पाण्यावर गेलो. इंजिन बंद पडताच इंधन नळीवरचा रबरी हातपंप पाहिला, तर तो दोन्ही बाजूंनी आत ओढला जाऊन चपटा झाला होता. टाकीचे झाकण सैल केले, तशी ‘सुस्स’ असा आवाज करत हवा आत शिरली आणि तो पंप डोळ्यांदेखत फुगला. टाकीत हवा येण्याचे छिद्र मिठाने आणि मळाने बुजले होते. जेवढे पेट्रोल बाहेर जाते तेवढी हवा आत यावीच लागते. ती न आल्यास टाकीत निर्वात तयार होतो आणि इंजिनाचा लहानसा पंप त्यापुढे हरतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी आमची गत झाली होती. त्या ग्राहकाचे तिन्ही खेपांचे पैसे आम्ही परत केले.

त्यानंतर आम्ही परत आलेल्या इंजिनांची एक वही घातली. ती वर्षभर भरल्यावर दिसले, की कार्बोरेटरच्या नावावर आलेल्या तक्रारींत खरा दोष अनेकदा कार्बोरेटरच्या अलीकडे, टाकी ते पंप या वाटेवरच असतो. म्हणून आम्ही तपासणीचा क्रम ठरवला आणि तपासणीचे शुल्क दुरुस्तीपासून वेगळे केले. ‘नुसते बघण्याचे पैसे कसले?’ असे म्हणून काही ग्राहक तेव्हा दुरावले. मात्र तो निर्णय आम्ही घेतला नसता, तर दुकान टिकले असते असे मला वाटत नाही.

क्रम असा, की प्रथम प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, आणि ठिणगी पाहायची, कारण ती कमजोर असतील तर कार्बोरेटर धुऊन काहीही साधत नाही. मग टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बरणीत काढून उजेडात धरायचे. त्यानंतर इंजिनावर भार असताना हातपंप दाबून पाहायचा. पंप दाबल्यावर इंजिन सावरत असेल, तर त्याला पुरेसे पेट्रोल पोहोचत नाही. पंप चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. आणि पंप घट्ट भरलेला असूनही इंजिन उपाशी राहत असेल तर दोष पुढे, म्हणजे इंजिनावरच्या फिल्टरमध्ये, पंपात किंवा कार्बोरेटरमध्ये शोधायचा. शंका उरलीच तर नळीचा एक तुकडा पारदर्शक लावतो. त्यातून बुडबुडे जाताना दिसले, की कुठेतरी सैल जोडातून हवा ओढली जात आहे, मग तिथून पेट्रोल बाहेर ठिबकत नसले तरी.

वहीतली दोन प्रकरणे आम्ही आजही नव्या मुलांना वाचून दाखवतो. पहिल्यात नळी बाहेरून नवीकोरी दिसत होती, पण आतला थर सुटला होता. संथ वेगात पेट्रोल त्याच्या बाजूने वाट काढी आणि वेग वाढून ओढ वाढली, की तो थर पडद्यासारखा वाट बंद करी. दुसऱ्यात दोन-स्ट्रोक इंजिनाच्या एकाच सिलिंडरचा प्लग सारखा ओला होत होता. अशा इंजिनाचा पंप क्रँककेसमधील, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीतील, दाबाच्या चढउतारावर चालतो. त्याच्या डायाफ्रामला, म्हणजे लवचीक पडद्याला, टाचणीएवढे छिद्र पडले होते आणि तिथून पेट्रोल थेट त्या सिलिंडरकडे जात होते. कार्बोरेटर बिचारा निर्दोष होता.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले येऊ लागल्यापासून बरणीचे महत्त्व वाढले. दहा टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल साधारण अर्धा टक्का, म्हणजे लिटरमागे सुमारे 5 मिलिलिटर पाणी आपल्यात सामावून घेते. त्याहून अधिक झाले, की पाणी आणि इथेनॉल एकत्र वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि टाकीची नळी नेमकी तळातूनच ओढते. अशा टाकीत वरून कोणतेही औषध ओतून उपयोग नसतो, ती रिकामी करावी लागते. पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवण्याचा आग्रह आम्ही तेव्हापासून धरतो.

कार्बोरेटर खरोखरच दोषी असतो, तेव्हा बहुधा उभ्या राहिलेल्या बोटीचा असतो. वाटीतले पेट्रोल उडून जाते, मागे चिकट राळ उरते आणि पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटांपैकी सर्वांत बारीक, संथ चालीचा म्हणजे आयडलचा जेट आधी बुजतो. म्हणून इंजिन हवा कमी करणाऱ्या चोकवर चालते आणि चोक काढताच मरते. जेट तारेने कोचायचा नाही, हा आमच्याकडचा कडक नियम आहे, कारण पितळेवर उठलेला ओरखडाही मिश्रणाचे माप बदलतो. दोन-स्ट्रोक इंजिनात तर पेट्रोलमध्येच तेल मिसळलेले असल्यास पेट्रोल कमी पडणे म्हणजे वंगणही कमी पडणे, आणि त्याची किंमत पिस्टनला मोजावी लागते.

एक काम मात्र आम्ही नाकारले. बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनावर मालकाने मोटारगाडीचा कार्बोरेटर चढवून आणला होता आणि त्याचे ट्यूनिंग करून हवे होते. बोटीचा कार्बोरेटर असा घडवलेला असतो, की वाटी भरून वाहिली तरी जादा पेट्रोल इंजिनाच्या घशात जावे. गाडीचा कार्बोरेटर ते बाहेर सांडू शकतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. ग्राहक रागावून गेले, आणि ते काम पुढे कोणी केले हे आम्हाला कळले नाही.

आज आमच्याकडे चार कारागीर आहेत आणि येणाऱ्या इंजिनांपैकी बरीच इंजेक्शनची, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी असतात. तरीही टाकी, नळी, फिल्टर आणि पंप यांची वाट तशीच आहे, किंबहुना इंजेक्टर घाणीच्या बाबतीत जेटपेक्षाही नाजूक. नव्या कारागिराला पहिले सहा महिने कार्बोरेटरला हात लावू दिला जात नाही. त्याच्याकडे बरणी, दाब मोजण्याचे घड्याळ, पारदर्शक नळी आणि वही एवढेच सोपवलेले असते.