वाड्यापासून पाच मिनिटांवर

"वाडो बघूक इलात मां?"

बॅग अजून खांद्यावरून उतरली नव्हती. होमस्टेच्या काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे करता करता विचारलं. प्रश्न कसला, खात्रीच होती ती. मुंबईची गाडी, दोन बायका आणि गाव आकेरी. मी उगीच सारवासारव केली, "रामेश्वराच्या देवळातही जायचंय." त्या "होय तर" म्हणाल्या आणि वाड्याच्या दिशेला हात केला.

2016 च्या फेब्रुवारीत 'रात्रीस खेळ चाले' ही भुताखेतांची मालिका सुरू झाली, इथल्याच वाड्यात चित्रित झालेली, आणि सावंतवाडीपासून दहा-बारा किलोमीटरवरचं हे गाव घराघरात गेलं. घरं भाड्याने देणाऱ्यांनाही कळलं असावं, कारण आमच्या जाहिरातीत समुद्र किती लांब, स्टेशन किती लांब, हे सगळं खाली. पहिली ओळ, 'अण्णांच्या वाड्यापासून पाच मिनिटांवर'. अण्णा म्हणजे मालिकेतल्या नाईक घराण्याचे कर्ते. मी त्या ओळीलाच भुलले. कबूल करते.

वाडा पाहिला. मला एक खोड आहे, अशा ठिकाणी गेलं की कॅमेरा कुठे ठेवला असेल ते शोधत बसते. मैत्रीण सेल्फी काढत होती, मी कुंपणाशी मान वाकडी करून उभी. एवढ्यात एक गृहस्थ, बायको-मुलांसकट, अगदी खालच्या आवाजात विचारू लागले, "अण्णा गेले ते नेमके कुठल्या खोलीत?" जो माणूस कधी जन्मालाच आला नाही, त्याच्या जाण्याची जागा! बरं, 2019 च्या दुसऱ्या भागात, जो आधीची गोष्ट सांगतो, अण्णा झालेले माधव अभ्यंकर चांगले धडधाकट हिंडले, प्रेयसी शेवंतासाठी झुरले. पण या गृहस्थांचं सुतक काही फिटलं नव्हतं. मी पण, हसू दाबत का होईना, खिडक्या मोजल्याच.

दुपारी परत येऊन आडवी झाले. आमची खोली म्हणजे पूर्वीचा गोठा. आता फरशी, एसी आणि भिंतीवर नारळाच्या करवंटीचं घुबड. दोन दिवसांचे पाच हजार, जेवण वेगळं. छप्पर मात्र कौलारूच ठेवलेलं, आणि त्यात एक काचेचं कौल. त्यातून पडलेला कवडसा फरशीवर माझ्या चपलेपाशी होता. डोळा लागून उघडला तेव्हा तो सरकत बॅगेच्या बंदावर चढला होता.

आमच्या गावच्या घरी, माजघरातही असाच एक कवडसा होता. मे महिन्यात आम्ही नऊ चुलत-आते भावंडं तिथे ओळीने पालथी पडून त्याच्याकडे बघत असायचो. कवडसा व्हायनाच्या, म्हणजे जमिनीतल्या उखळाच्या, कडेला टेकला की आजी उठून चहा ठेवायची. घड्याळ बाहेर ओटीवर होतं, पण ते आजोबांचं. आजीचं हे. एकदा थोरल्या दादाने छपरावर चढून त्या काचेवर गोणपाट टाकलं. आजी झोपून राहिली, गोठ्यातली म्हैस हंबरायला लागली, आणि दादाने त्या दिवशी चहा तर नाहीच, रात्रीची पेजही कोपऱ्यात बसून खाल्ली.

भुतांची भीती आम्हाला नव्हतीच. रात्री न्हाणीघराकडे जाताना वाहाणांचा कर्र कर्र आवाज आला तर तो देवचार, गावाचा राखणदार, त्याला वाट द्यायची आणि पुढे जायचं, असं आजीने सांगून ठेवलं होतं. आरवलीच्या वेतोबाला लोक एवढाल्या वाहाणा वाहतात, ते काय उगीच? त्यामुळे साडेदहाला मालिका लागली की डोंबिवलीत शेजारणी पदर तोंडाशी धरायच्या आणि माझे बाबा वेगळ्याच कारणाने पुढे सरकून बसायचे. अण्णा गेले, मुलं जमली, जमिनीची गोष्ट निघाली. बाबा म्हणाले, "वाटणीपत्र नोंदवलेलं नाही यांनी. आता बघ."

त्यांना माहीत होतं. आमचं घर इथून पंचवीस किलोमीटरवर, कुडाळच्या बाजूला. घरपट्टी अजून आजोबांच्या नावाने येते. सातबाऱ्यावर 23 नावं, बाबा गेल्यावर त्यांच्या जागी आई आणि मी. एक नाव बडोद्यात, दोन अमेरिकेत, आणि एका काकांनी 1998 पासून सही अडवून धरली आहे. कारण फणस. कापा जातीचा. तो कोणाच्या हिश्श्यात, यावर. मध्यंतरीच्या एका पावसाळ्यात तो फणस पडला. सही अडलेलीच आहे. कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, यावरही दोन मतं आहेत.

रात्री काकूंनी बांगड्याचं तिकलं आणि सोलकढी वाढली. "तुमी मूळचे खंयचे?" मी गावाचं नाव सांगितलं. त्यांचा हात वाटीवर थांबला. एवढ्या जवळची बाई आपल्याकडे पैसे देऊन राहते, हे त्यांना जुळेना.

"मगे थंय कोण रवता?"

"कोणच नाय."

"बंद घराक वाळवी लागता," त्या म्हणाल्या, आणि मला न विचारता आणखी भात वाढला.

परतताना कुडाळ आलं. मैत्रिणीने गाडीचा वेग कमी केला. "वळायचं का?" मी काहीतरी पुटपुटले, पाऊस येईल, उशीर होईल. आकाश निरभ्र होतं. एवढ्यात फोन वाजला. मी स्टेटसला ठेवलेला वाड्याचा फोटो बघून थोरल्या दादाचा मेसेज, "इतकी गेलीस तर आपल्या घरी डोकावलीस का? कौलं तरी आहेत का बघ."

मी तीन वेळा काहीतरी लिहिलं आणि तीन वेळा पुसलं. शेवटी मालिकेतला पांडू ऐन मोक्याच्या वेळी म्हणायचा तेच लिहून पाठवलं.

"इसरलंय."