जातो आणि जाते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. वर्गात, लग्नाच्या पंगतीत, परवा तर दळणाच्या रांगेतही एका बाईंनी विचारलं, ‘‘मॅडम, तुमचा सगळा जन्म कोल्हापुरात गेला. मग शिकवायला आणि बोलायला सारखं ते हद्दपारी, परकेपण, तुटलेपण हेच का? दुसरं साहित्य नाही काय?’’

आहे की. पण सगळा जन्म कोल्हापुरात गेला हे काही खरं नाही. दोन वर्षं मी पुण्यात होते, एम. ए.साठी. हसू नका. मलाही ठाऊक आहे, पुणं म्हणजे काही सैबेरिया नव्हे.

मेसमध्ये पहिल्या दिवशी आमटी वाढली. घास घेतला तर गोड! कुणाच्या तरी हातून चुकून गूळ पडला असेल म्हणून दुसऱ्या दिवशी वाट बघितली. दुसऱ्या दिवशीही गोड. तिसऱ्या आठवड्यात आईनं चटणीची बरणी पाठवली. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसणाची, वर्षाची एकदम कुटून ठेवलेली. ती बरणी मी ट्रंकेत कपड्यांखाली लपवायची आणि आमटीत चोरून चमचाभर घालायची. पुढं इटालियन कवी दान्ते वाचताना त्याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्यात एक जागा आली. त्याच्या गावानं, फ्लॉरेन्सनं, १३०२ साली त्याला हद्दपार केलं, तो परत कधी गेलाच नाही, १३२१ साली राव्हेन्नात वारला. महाकाव्यात त्याचा एक पूर्वज त्याला स्वर्गात भेटतो आणि पुढचं सांगतो: परक्याची भाकरी किती खारट लागते ते तुला कळेल, परक्याचे जिने चढणं-उतरणं किती अवघड ते कळेल. पानाखाली टीप होती, की फ्लॉरेन्सकडं पाव मुळातच बिनमिठाचा करतात. म्हणजे खारट हे काही नुसतं अश्रूंचं रूपक नव्हे. खरोखरच मीठ होतं त्यात! मला एकदम मेसची आमटी आठवली. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाची तक्रार आणि माझी तक्रार एकच, त्याचं मीठ आणि माझा गूळ एवढाच फरक.

पण आमटीची सवय होते. जिभेची दुसरी एक गोष्ट मात्र राहून गेली.

कोल्हापुरात आम्ही मुली ‘मी जातो’, ‘मी येतो’ असंच म्हणतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पुण्यात पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलीला म्हटलं, ‘‘मी लायब्ररीत जातो गं.’’ ती खोखो हसली. ‘‘जातो? तू काय मुलगा आहेस?’’ मग जिन्यावर, वर्गात, मेसमध्ये, सगळीकडं ‘‘काय, आलास का?’’ सुरू झालं. चेष्टाच होती, दुष्टावा नव्हता. पण महिनाभरात मी प्रत्येक क्रियापद तोंडाबाहेर पडायच्या आधी तपासायला लागले. सहा महिन्यांत ‘जाते’ बसलं. दिवाळीला घरी आले, बाजाराला निघताना दारातून म्हटलं, ‘‘आई, मी येते गं.’’ सोप्यात बसलेल्या आत्तीनं तांदूळ निवडता निवडता मान वर केली. ‘‘अगं बया, पुण्याची झालीस व्हय?’’

सगळे हसले. मीपण हसले. चप्पल घातली नि गंगावेशीपर्यंत गेले, तरी कानात तेच.

साहित्यातलं परकेपण मला कुठल्या सिद्धान्तातून कळलेलं नाही, त्या उंबऱ्यावर कळलं. समीक्षक त्याला ‘परात्मता’ म्हणतात. चांगला शब्द आहे, पण तो लिहिताना पोरांचे दात वाजतात. मी त्यांना महाभारतातले दोन शब्द देते: वनवास आणि अज्ञातवास. बारा वर्षं आणि एक वर्ष. वनात पांडव पांडवच असतात. ऋषी येतात, कृष्ण येतो, कोण कुठं आहे ते सगळ्यांना माहीत असतं. विराटाच्या घरी ते माणसांत राहतात, पण कुणी कुणाला नावानं हाक मारायची सोय नाही. विराटपर्वात एका रात्री द्रौपदी स्वयंपाकघरात भीमाकडं जाते आणि त्याला आपले हात दाखवते. चंदन उगाळून उगाळून घट्टे पडलेले. म्हणते, कुंतीलाही मी कधी भ्याले नाही आणि आता राजाला उटी पसंत पडेल की नाही म्हणून भीत उभी राहते. भीम ते हात आपल्या तोंडावर धरून रडतो. बारा वर्षांच्या अरण्यातला कुठलाही प्रसंग मला या हातांएवढा जड वाटत नाही.

आता कोल्हापूरचं. तुमच्यापैकी निम्म्यांचे लग्नाचे बस्ते गांधीनगरात बांधले गेले असतील. त्या गांधीनगराच्या जागी आधी काय होतं? वळिवड्याची छावणी. १९४३ ते १९४८ पर्यंत तिथं पाचएक हजार पोलिश माणसं राहत होती, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात नेलेली, मग सुटून इराणमार्गे इथवर आलेली. पंचगंगेच्या खोऱ्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. पोलिश साहित्यातलं सगळ्यांत लाडकं महाकाव्य कवी मित्स्किएविचनं पॅरिसमध्ये परदेशी बसून लिहिलं, १८३४ साली छापलं. लिथुआनिया हा त्याचा मुलूख, जुन्या पोलिश राज्यातलाच. सुरुवातच अशी: लिथुआनिया, माझ्या मायभूमी, तू तब्येतीसारखी आहेस, गमावल्यावरच तुझं मोल कळतं. वळिवड्याच्या शाळेत कुणा पोरानं ते घोकलं असणारच. बाहेर उसाचं गुऱ्हाळ चालू असेल, काकवीचा वास येत असेल, आणि हा लिथुआनिया पाठ करतोय.

ते गेले, त्या जागी सिंधी निर्वासित आले. भाचीच्या बस्त्याला गेले होते तेव्हा गल्ल्यावरचे आजोबा ‘‘व्हय की वैनी, ह्यो रंग घ्या’’ करत अस्सल कोल्हापुरी बोलत होते. पण हिशोबाला बसले की ओठांत सिंधी आकडे. बोलता बोलता म्हणाले, ‘‘आमच्या गावाकडं असलं जरीकाम नसायचं.’’ मी विचारलं, कुठलं गाव? तर थोडं थांबून, ‘‘वडलांचं हो. मी कुठं बघितलंय!’’ आणि लगेच पुढचा शालू उलगडला. सिंधीत शेख अयाज नावाचे कवी होऊन गेले. ते सिंधमध्येच राहिले, त्यांचे कविमित्र नारायण श्याम इकडं आले. १९६५च्या युद्धात अयाजांनी लिहिलं, समोर नारायण श्याम आहे, त्याच्यावर बंदूक कशी रोखू? त्यावरून त्यांनाच गद्दार म्हटलं गेलं. गाव सोडलं ते निर्वासित झाले, आणि जे राहिले त्यांच्या वाट्याला हे.

मराठीत हद्दपारीची पुस्तकं फारशी का नाहीत, असंही विचारतात. मला वाटतं, आपण माणसाला देशाबाहेर काढण्याचे कष्टच घेतले नाहीत. वेशीबाहेर ठेवलं, काम भागलं. चोखोबा जन्मभर विठ्ठलाला हाका मारत राहिले आणि आज त्यांची समाधी देवळाच्या पायरीशी आहे. आत जायला त्यांच्या लोकांना १९४७ उजाडावं लागलं, तेही साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. मित्स्किएविचला पॅरिस ते लिथुआनिया केवढं अंतर. इथं मोजून काही पायऱ्या.

पोरं ‘कोसला’ वाचतात आणि महिनाभर ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ करत हिंडतात. हिंडू देत, वय आहे. त्यानंतर मी त्यांच्या हातात ‘उपरा’ ठेवते. १९८०चं पुस्तक, लक्ष्मण माने यांचं. कैकाडी समाज, गाढवांवर बिऱ्हाड, गावोगाव फिरून टोपल्या विणायच्या. त्यात ‘माझं गाव हरवलं’ असा गळा काढायलाही जागा नाही, कारण गाव कधी मिळालेलंच नाही. दान्तेला निदान कुठला पाव आपला ते माहीत होतं. इथं वर्ग गप्प होतो. मी पण फार बोलत नाही.

गेल्या महिन्यात तास संपल्यावर शिरोळकडची एक मुलगी वही आवरत म्हणाली, ‘‘मॅडम, मी जातो.’’ आणि लगेच जीभ चावली. ‘‘जाते.’’

‘‘अगं, जातो म्हण की,’’ मी म्हटलं.

हसली. दुसऱ्या दिवशी दारातून म्हणाली, ‘‘मॅडम, जाते हं.’’ आणि मीही वर न बघता म्हणून गेले, ‘‘हां, ये. मी पण निघतेच.’’