बाळीवेशीतली दुसरी बाळंतीण

मे महिन्यात सोलापुरात भर दुपारी कुणी कुणाच्या घरी जात नाही. जनावरांच्या डॉक्टरला ही सूट नाही. फोनवर मुलगी रडकुंडीला आली होती. "डॉक्टर, आमची मनी थरथरायलीय, पाय ताठ करायलीय. ऊन लागलंय म्हणायलेत सगळे. लवकर या की!"

बाळीवेशीतलं जुनं माळवदाचं घर. आत पाऊल टाकलं आणि अंग गार झालं. इथं सावलीत बसून मांजराला ऊन लागेल, हे काही पटेना. मनी कोनाड्याखाली आडवी पडली होती, अंगावर ओला टॉवेल. तो काढला तर कानाची टोकं आणि मिशांमागची कातडी सारखी फडफडत होती. मागचे पाय वाकवू म्हटलं तरी वाकेनात.

"गोचिडाचं, पिसवांचं काही औषध लावलंत अंगाला?" हा प्रश्न आधी विचारावाच लागतो. कुत्र्यांच्या गोचिडांवरच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराला ते पचत नाही, असेच झटके येतात. पण तसलं काहीच लावलं नव्हतं. मग टोपलीकडे लक्ष गेलं. पाच पिल्लं, डोळे नुकते उघडलेले, पोटं टम्म.

"हिला खायला काय देता?"

"दूध-भाकरी," आज्जी म्हणाल्या. "आम्ही लिंगायत. घरात अंडंसुद्धा येत नाही."

पाच जणांच्या दुधात आईच्या रक्तातलं कॅल्शियम ओढलं गेलं होतं. कुत्रीत हे नेहमी दिसतं, मांजरात क्वचित. रक्ताच्या रिपोर्टची वाट बघण्यात जीव गेला असता. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट सुरू केलं, अगदी सावकाश, स्टेथोस्कोप छातीवरून न हलवता. घाई केली तर हेच औषध हृदय बंद पाडतं. एकदा ठोके मंदावले तसा हात थांबवला, पुन्हा सुरू केला. आधी कान शांत झाले, मग पाय सैल पडले. थोड्या वेळानं तिनं मान उचलून टोपलीकडे बघितलं.

"पण गाभण असताना मी माझ्याच कॅल्शियमच्या गोळ्या कुटून देत होते की तिला!" फोन केलेली मुलगी म्हणाली. ती स्वतः बाळंतपणाला माहेरी आलेली. हेतू चांगला, पण बाहेरून आयतं मिळालं की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढायला सुस्तावतं आणि ऐन दूध पाजायच्या वेळी कमी पडतं. गाभणपणी गोळ्या नकोत, खाणं चांगलं हवं. पोरीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि मनीला भाकरी, असं त्या घरात चाललं होतं.

पिल्लं एक दिवस आईपासून बाजूला ठेवायची होती. गाईचं दूध त्यांना बाधतं, म्हणून मांजराच्या पिल्लांची दूधपावडर आणवली. पाजताना पिल्लू पालथंच हवं. उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. पाजून झाल्यावर कोमट ओल्या कापसानं खाली पुसायचं, तेव्हा कुठं ती शू करतात. एरवी आई चाटून हेच करते. आज्जींनी पहिल्याच पिल्लाला असं सराईतपणे हाताळलं की मी गप्प बसलो. टोपलीतला टर्किश टॉवेल तेवढा काढायला लावला, त्याच्या फासांत नखं अडकतात. त्याजागी जुनं इरकली लुगडं आलं. बोका येऊ नये म्हणून रात्री खिडकी लावायची आणि गल्लीतल्या पोरांना पिल्लं हाताळू द्यायची नाहीत, नाहीतर मनी त्यांना तोंडात धरून जागा बदलत हिंडेल.

खरी लढाई खाण्यावरून झाली. मांजर मांसाहारीच; भाकरीवर तिचं भागत नाही. पिल्लांचं तयार खाद्य दूध पाजणाऱ्या आईलाही चालतं, म्हणून तेच सुचवलं. आज्जींनी पाकीट हुंगून बघितलं आणि नाकाला पदर लावला. "हे घरात नको. जिन्याखाली वेगळी ताटली ठेवा तिची."

"आणि पिल्लं सुटली की हिचं ऑपरेशन करू," मी म्हटलं. "अंगावर पाजतानाच पुन्हा गाभण राहते ही."

"आधी हिला उभी तर राहू द्या," आज्जी म्हणाल्या आणि ताटली शोधायला आत गेल्या.